आपल्यातला, पण विरोधातला

नवी मुंबईत बेलापूरला सेक्टर आठमध्ये, पारसिकच्या डोंगराला लागून आर्टिस्ट व्हिलेज आहे. १९८० च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ही वसाहत आखली. सातेक घरं एका छोट्या चौकाभोवती; चौक साधारण ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद. असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांच्यामध्ये १२ मीटरचं अंगण. तसे तीन समूह जिथे भेटतात तिथे २० मीटरची मोकळी जागा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत कुणाचीच नाही, म्हणजे ज्याला जेव्हा परवडेल तेव्हा त्यानं घर वाढवावं, कुणाची मनधरणी करत बसू नये. आज तिथली बरीच घरं पाडून पुन्हा बांधलेली दिसतात, मूळची उतरती कौलं शोधावी लागतात. चौक मात्र पुष्कळसे टिकलेत. कुठे तुळस, कुठे दोन स्कूटर, कुठे पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलणारी एखादी आजी.

मला ही वसाहत फार आवडते. माणसं रोज एकमेकांच्या नजरेला पडली तर त्यांच्यात काहीतरी जुळेल, या विश्वासानं कुणीतरी कागदावर रेघा ओढल्या आणि त्यातले चौक अजून वापरात आहेत, ही साधी गोष्ट नाही. पण जुळल्यानंतर काय? सात घरांतल्या एकानं उरलेल्या सहांच्या मनाविरुद्ध भूमिका घेतली, तर त्या चौकात त्याची जागा कुठे? समाज, समुदाय, लोकसमूह या विषयावर राजकीय विचारवंतांनी जे अफाट लिहून ठेवलंय, त्याकडे मी गेली काही वर्षं याच एका प्रश्नातून बघते आहे. आणि या प्रश्नाचं जितकं साहित्य नवी मुंबईत पडलेलं आहे तितकं ग्रंथालयातही नसेल, असं मला वाटतं.

आमच्याकडे येणारी मासेवाली खाडीकडच्या एका गावातली. सगळी बिल्डिंग तिला मावशी म्हणते. बोईट असेल, कोलंबी असेल, पावसाच्या तोंडावर चिंबोऱ्या. जिताडा मिळाला तर आधी फोन करून विचारते. एकदा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, विळीवर बोईटाची खवलं काढता काढता ती नवरा गेला त्या दिवसाबद्दल बोलत होती. तिला काही म्हणता काही करावं लागलं नव्हतं. लाकडं आली, मांडव पडला, पाहुण्यांचं जेवण शेजारच्या तीन घरांतून आलं. पैशाचा विषय कुणी काढला नाही. "गावकी नाय तं मयताला खांदा कोन देल?" ती म्हणाली. आणि मग हात न थांबवता, त्याच आवाजात, तिनं तिच्या आळीतल्या एका घराबद्दल सांगितलं. त्या घरच्या मुलानं देवळाच्या पैशाचा हिशोब मागितला, मिळाला नाही म्हणून पोलिसात अर्ज दिला. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी जात नाही. त्यांच्या मुलीच्या हळदीला गावातलं एक माणूस नव्हतं. आगरी-कोळी घरातली हळद म्हणजे काय असते हे ज्यानं पाहिलंय त्याला या वाक्याचं वजन कळेल.

मी विचारलं, मावशी, तुम्ही पण नाही गेलात? ती म्हणाली, मला त्याच गावात मरायचं आहे.

हे दोन्ही प्रसंग एकाच गावकीचे आहेत. खांदा देणारे हात आणि पाठ फिरवणारी माणसं वेगवेगळी नाहीत. गावकीबद्दल बोलताना आपल्यातले निम्मे लोक पहिली गोष्ट सांगून गहिवरतात, निम्मे दुसरी सांगून संतापतात. मला दोन्ही एकत्र धरून विचार करावासा वाटतो, कारण या शहराचा इतिहास तसा धरल्याशिवाय कळतच नाही.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं करायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाजणं, सगळं संपादनात गेलं. मोबदला इतका तुटपुंजा की लोक पेटून उठले. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन जानेवारी १९८४ मध्ये शिगेला पोचलं. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात जासई आणि नवघरच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. आज मी ज्या रस्त्यानं चालते, ज्या पदपथावर भाजी घेते, त्याच्या खाली कुणाचं तरी शेत आहे आणि त्या शेताचा थोडा तरी मोबदला मिळावा म्हणून कुणीतरी जीव दिलेला आहे. मूळ गावकऱ्यांनी कुटुंब वाढलं म्हणून परवानगीविना बांधलेली गावठाणातली घरं, म्हणजेच 'गरजेपोटी बांधलेली घरं', हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात वाचताना आमच्या सेक्टरांतल्या लोकांना तो फक्त अतिक्रमणाचा विषय वाटतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनी माणसं सांगतात की तेव्हा गावाचा निरोप फिरला की घरटी माणूस बाहेर पडायचा. तो निरोप कुठल्याही राजकीय पक्षाच्या कार्यालयातून निघाला असता तर इतक्या घरांत पोचला नसता. जत्रेची वर्गणी, पालखीचा मान, मयताचं सामान, ज्या साखळीनं हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळलं तीच साखळी मोर्चाच्या कामाला आली. आणि त्याच्याही आधी, अलिबागजवळच्या चरी गावात तिनं याहून मोठं काम केलं होतं. ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं २५ गावांच्या कुळांनी खोतांची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायची नाही असं ठरवलं. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे शेतं पडीक! लाकूडफाटा विकून, खाडीतलं मिळेल ते खाऊन माणसं जगली. एवढा काळ एकही घर फुटू न देता राहायचं तर केवळ तत्त्वावर भागत नाही. शेजाऱ्याची नजर लागते, गावाचा धाक लागतो.

म्हणजे धाक आला. मला अडखळायला होतं ते इथे.

बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. गावाची एकजूट खोताला नमवू शकते हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. पण त्याच्या काही वर्षं आधी, अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला १९२८ साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीचेही ते सभासद होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात गावच्या बहिष्काराचं जे वर्णन आहे ते वाचून अंगावर काटा येतो. अस्पृश्यांनी आपला हक्क बजावायचं ठरवलं की गावानं त्यांना जमीन कसायला द्यायची नाही, मजुरीवर बोलवायचं नाही, वाण्यानं सामान द्यायचं नाही, वहिवाटीची वाट बंद करायची. कारण काय? चांगले कपडे घातले, दागिने घातले, जमीन विकत घेतली, नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्यातून वरात काढली. एवढंच.

गावाची एकजूट खोताविरुद्ध उभी राहते तेव्हा तिला आपण लढा म्हणतो, आणि तीच एकजूट गावातल्या सगळ्यात दुबळ्या घराविरुद्ध वळते तेव्हा तिला रीत म्हणतात. बाबासाहेबांना दोन्ही ठाऊक होत्या. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना ते जे बोलले त्याला माझ्या लेखी एवढी किंमत आहे. खेडी म्हणजे छोटी छोटी गणराज्यं, राजवटी आल्या-गेल्या पण ती टिकली, असं मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं होतं आणि आपल्याकडे ते कौतुकानं सांगितलं जायचं. बाबासाहेबांनी सभेला विचारलं की टिकली खरी, पण कुठल्या पातळीवर टिकली? खेड्याला त्यांनी संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं म्हटलं आणि मसुद्यानं खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला याचा आनंद व्यक्त केला. सभेत पुष्कळांना ते झोंबलं. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आलं.

गांधीजींनी १९४६ साली याच्या अगदी उलट चित्र रेखाटलं होतं. समाजाची रचना पिरॅमिडसारखी नको, समुद्रातल्या वर्तुळांसारखी हवी. मध्यभागी व्यक्ती, ती गावासाठी प्राण द्यायला तयार, गाव गावांच्या समूहासाठी तयार, असं करत करत बाहेरपर्यंत. हे चित्र सुंदर आहे आणि मध्यभागी व्यक्तीच आहे हे लोक विसरतात. पण मला त्यात एक बाजू अपुरी वाटते. व्यक्ती गावासाठी मरायला तयार आहे, ठीक. गाव त्या एका व्यक्तीसाठी काय सोसायला तयार आहे? मावशीच्या आळीतल्या मुलानं हिशोब मागितला तेव्हा गावानं तेवढी अडचण सोसायला हवी होती.

युरोपातही या जागी थोर माणसं अडखळलेली आहेत. तत्त्वज्ञ रूसोनं १७६२ मध्ये लिहिलं की सर्वांच्या समान हिताची इच्छा मानायला जो नकार देईल त्याला ती मानायला भाग पाडावं, आणि तसं भाग पाडणं म्हणजे त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडणं. रूसोचे चाहते याचा सौम्य अर्थ लावतात. मला तो सौम्य वाटत नाही. 'सगळ्यांच्या भल्यासाठी आहे, तुम्हीच का आडवे येता?' हे वाक्य ज्यानं आपल्या सोसायटीच्या सभेत ऐकलंय त्यालाही वाटणार नाही.

आमची सोसायटी नेरुळला, सिडकोनं बांधलेली. गच्चीला गळती, जिन्यातलं प्लॅस्टर पडतंय, पाण्याच्या टाकीचे खांब तडकलेत. तेव्हा पुनर्विकासाचा विषय येणं साहजिक होतं. वार्षिक सर्वसाधारण सभेला नेहमीसारखी मोजकी माणसं. उपविधीप्रमाणे दोन तृतीयांश किंवा २० यांतला जो कमी असेल तो कोरम. तो भरला नाही की सभा अर्धा तास तहकूब आणि मग त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत, कोरमशिवाय पुन्हा सुरू. अॅरिस्टॉटल माणसाला राजकीय प्राणी म्हणाला. त्या अर्ध्या तासात खाली चहा आणि समोसे येतात, राजकारण तेव्हाच होतं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका हिशोब खात्यातून निवृत्त झालेले. ते पुनर्विकासाच्या विरोधात नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं की सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बिल्डरनं प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यायची असते, ती या प्रस्तावात कुठे आहे? नंतर त्यांनी तेच लेखी विचारलं. २०१९ पासून ५१ टक्के संमती पुरते, त्यामुळे काकांना बाजूला ठेवून काम होण्यासारखं होतं आणि ते तसं ठेवलंच गेलं. आधी ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून गायब झाले. मग ते दुसऱ्या बिल्डरचे माणूस असल्याचं जिन्यात बोललं जाऊ लागलं. गणपतीत आरतीला ते खाली आले तेव्हा तबक हातोहात फिरत त्यांच्या शेजारपर्यंत आलं आणि त्यांना वगळून पलीकडच्याकडे गेलं. काका टाळ्या वाजवत उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला मावशीच्या गावातली हळद आठवली.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. विधिमंडळानं तो २०१६ साली मंजूर केला, २०१७ पासून लागू झाला, आणि असा कायदा करणारं आपलं राज्य देशातलं पहिलं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. रायगडातल्या वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या बातम्या सतत येत होत्या, त्यांचा या कायद्यामागे मोठा हात आहे. त्याच्याही आधी १९४९ साली मुंबई प्रांतानं बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. म्हणजे समूहानं माणसाला बाहेर काढायचा अधिकार आणि माणसाचा आत राहण्याचा अधिकार यांची झुंज आपल्या न्यायालयांत फार जुनी आहे. पण आत्ताच्या कायद्याचा रोख जातपंचायती आणि गावक्यांवर आहे. तबक वगळून पुढे गेलं, याची तक्रार कुठल्या पोलीस चौकीत द्यायची?

लोक मला सांगतात की सोसायटी म्हणजे गावकी नव्हे. काकांना पटत नसेल तर त्यांनी फ्लॅट विकून जावं, कोण अडवतंय? ज्यांनी आयुष्याची पुंजी एका साडेपाचशे फुटांच्या घरात घातलीय त्यांना असं सांगणं फार निर्दय आहे. शिवाय जाता येतं म्हणून विरोध ऐकायची गरज नाही, हा युक्तिवादच मला मान्य नाही. समूहात राहून, पाणी-वीज-शेजार काही न गमावता, 'मला हे पटत नाही' असं म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नसेल तर ती माणसं फक्त एका पत्त्यावर राहतात, मग तो पत्ता गावठाणातला असो की टॉवरमधला.

अमेरिकेत १९८० च्या दशकात काही विचारवंतांनी, व्यक्तीच्या हक्कांना केंद्रस्थानी ठेवणारा तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याच्यावर टीका करताना म्हटलं की माणूस असा एकटा, सुटा नसतोच. तो कुटुंबातून, गावातून, परंपरेतून घडतो. हे आपल्याला कुणी पुस्तकातून सांगायची गरज नाही. त्या काळातल्याच मायकल वॉल्झर यांचा मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो: समाज आपल्या माणसांमध्ये ज्या ज्या गोष्टी वाटतो त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे सभासदत्व. पैसा, शिक्षण, सुरक्षा हे सगळं त्यानंतर. आधी तुम्ही आतले की बाहेरचे ते ठरतं.

आमच्या सोसायटीत निम्म्याच्या आसपास घरं भाड्यानं आहेत. हॉस्पिटलातल्या परिचारिका, आयटीतली मुलं, केरळचं एक कुटुंब जे आमच्या इमारतीत कित्येक मालकांपेक्षा जुनं आहे. कायद्याप्रमाणे हे फार तर नाममात्र सभासद, त्यांना मत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून त्याच्याकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-वापर शुल्क घेतलं जातं, ते शेवटी भाड्यातूनच निघतं. म्हणजे भार त्यांच्यावर आहे, आवाज नाही. आणि हे आत आलेल्यांचं. दारातूनच परत गेलेल्यांचं काय? 'फॅमिलीच पाहिजे', 'नॉनव्हेज चालणार नाही' ही वाक्यं तर एजंट उघड बोलतात; आडनाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक 'गेला' असं सांगतात ते उघड बोलत नाहीत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. संघटना करण्याच्या हक्कात आपली माणसं निवडण्याचा हक्क येतो, अशी त्यामागची भूमिका. छोट्या होत चाललेल्या समाजाची भीती मला समजते. पण शहरात घर मिळणं ही भजनी मंडळात प्रवेश मिळण्यासारखी गोष्ट नव्हे. हा निकाल मला तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो.

या सगळ्यावर बाबासाहेबांनी उत्तर ठेवून दिलं आहे असं मला वाटतं. १९४६ च्या डिसेंबरात नेहरूंनी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता नव्हती. ती मसुदा समितीनं संविधानाच्या उद्देशिकेत घातली, आणि ठरावात नसतानाही घालतो आहोत हे बाबासाहेबांनी १९४८ साली राजेंद्रप्रसादांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलं. उद्देशिकेत बंधुतेला दोन कामं नेमून दिलेली आहेत, आणि त्यांत व्यक्तीची प्रतिष्ठा आधी येते, राष्ट्राची एकता नंतर. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. एकजुटीसाठी एकाची मान खाली घालायची आणि मग त्याला बंधुता म्हणायचं, ही सोय त्यात ठेवलेली नाही. कागदावर ते नक्की झालेलं आहे. जिन्यात, आरतीत आणि सभेत ते रोज करून दाखवावं लागतं, आणि ते काम कुठलाही रजिस्ट्रार येऊन करणार नाही.

म्हणून या वर्षीच्या सभेसाठी मी एक ठराव दिला आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल, विषयपत्रिका बोर्डावर लागली आहे. ठरावात दोन गोष्टी आहेत. भाडेकरूंना मत नसलं तरी सभेत बसता आणि बोलता यावं. आणि कुठल्याही विषयाला कुणी विरोध केला तर इतिवृत्तात 'एका सभासदाने विरोध दर्शवला' असं न लिहिता त्याचं नाव आणि त्यानं दिलेलं कारण पूर्ण लिहावं, म्हणजे पाच वर्षांनी कुणी वही उघडली तर तो काय म्हणाला होता ते कळेल. ठरावावर जिन्यात चर्चा सुरू झाली आहे. काल एक शेजारी म्हणाले, "ताई, आज बसायला देऊ, उद्या हे लोक टँकरच्या पाण्याचा हिशोब मागतील." मी त्यांना म्हटलं, मागू देत, पाणी तेही पितात. त्यांना ते पटलेलं नाही. ते सभेला येऊन विरोधात बोलणार आहेत, आणि त्यांचं नाव आणि कारण इतिवृत्तात सविस्तर येईल याची मी काळजी घेईन. ठरावाला अनुमोदन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आहे.